अस्मानी किती, सुलतानी किती

३ जून २०२० रोजी दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जे वादळ आदळले, त्याचे नाव होते ‘निसर्ग’. करोनाची टाळेबंदी चालू होती, मुंबईहून गावी आलेली माणसे शाळांत आणि पडव्यांत वेगळी राहत होती, आणि त्यात ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा. नारळ-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. रोठा सुपारीचे नाव ज्या गावांमुळे झाले, त्या गावांतल्या बागायतदारांचे एका वर्षाचे पीक गेले असे म्हणणे अपुरे आहे. पोफळ लावली की हाती काही पडायला सहा-सात वर्षे जातात, तेवढी वर्षे गेली.

वादळाचे हे नाव ठेवले होते बांगलादेशाने. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांतल्या चक्रीवादळांसाठी १३ देशांनी प्रत्येकी १३ नावे दिली होती, आणि १६९ नावांची ती यादी एप्रिल २०२० मध्ये नुकतीच जाहीर झाली होती. देश इंग्रजी अकारविल्हे लावलेले, म्हणून बांगलादेश पहिला आणि ‘निसर्ग’ हे पहिले नाव. गंमत अशी, की वादळाला ‘निसर्ग’ म्हटले जात होते त्या वेळी संयुक्त राष्ट्रांनी आपत्तीच्या आधीचा ‘नैसर्गिक’ हा शब्द काढून टाकल्याला वीस वर्षे होऊन गेली होती. १९९० चे दशक त्यांनी साजरे केले ते ‘नैसर्गिक आपत्ती निवारणाचे आंतरराष्ट्रीय दशक’ म्हणून. ते संपल्यावर जी कायमची यंत्रणा उभी राहिली, तिच्या नावात उरले नुसते ‘आपत्ती निवारण’. २०१९ मध्ये याच कार्यालयाचे नाव पुन्हा बदलले आणि त्यात ‘जोखीम’ हा शब्द ठळक झाला. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नावात एक शब्द बदलायचा तर किती बैठका आणि किती मसुदे होतात, हे माहीत असलेल्याला कळेल की इथे काहीतरी मोठे घडले होते.

काय घडले ते सांगायला मराठीत तयार शब्द आहेत: अस्मानी आणि सुलतानी. पाऊस पडला नाही, टोळधाड आली, धरणी हलली, की ती अस्मानी. राज्यकर्त्याच्या जुलमाने किंवा बेफिकिरीने ओढवले, की ती सुलतानी. आपल्या जुन्या माणसांनी हे दोन शब्द जोडीने वापरले, कारण दोन्ही संकटे सहसा जोडीनेच येतात. आपत्तींविषयी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगभर जे प्रयत्न झाले, त्यांचा माझ्या मते गाभा एवढाच आहे: जे आजवर अस्मानीच्या खात्यावर टाकले जात होते, ते एकेक करून सुलतानीच्या खात्यावर वळते करणे. भूकंप अस्मानी, पण अंगावर पडलेली भिंत कोणीतरी बांधलेली असते.

विचार म्हणून हे नवे नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ऐन सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंप, त्सुनामी आणि आग यांनी उद्ध्वस्त झाले. ईश्वर असे कसे करू शकतो, यावर युरोपात खल सुरू झाला. व्हॉल्तेअरने त्यावर एक दीर्घ कविता लिहिली. ती वाचून रूसोने त्याला १७५६ मध्ये पत्र पाठवले, त्यातला मुद्दा असा की सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरे तिथे दाटीवाटीने काही निसर्गाने बांधली नव्हती. आपल्याकडे १९३४ चा बिहारचा भूकंप हे अस्पृश्यतेच्या पापाचे शासन आहे असे महात्मा गांधी म्हणाले, तेव्हा रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली आणि गांधीजींनी ती ‘हरिजन’मध्ये छापलीही. वाद जुनाच आहे. त्याला कार्यालय, कर्मचारी आणि अंदाजपत्रक मिळाले ते मात्र फार उशिरा, आणि त्याचे एक मोठे कारण बंगालच्या उपसागरात आहे.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या भोला बेटावर आणि आसपासच्या खाडीमुखांवर चक्रीवादळ आले. भरतीची वेळ, उथळ समुद्र, आणि वाऱ्याने ढकललेले पाणी. तीन ते पाच लाख माणसे मेली असावीत असे अंदाज आहेत. मोजता येण्याच्या पलीकडे माणसे मेली, हाच त्या आकड्यातल्या दोन लाखांच्या फरकाचा अर्थ. वादळ येत असल्याचे उपग्रहाच्या चित्रांत दिसले होते, रेडिओवरून इशाराही गेला होता. पण चिखलाच्या सपाट बेटावर राहणाऱ्या माणसाने तो ऐकून जायचे कुठे? उंच असे काही नव्हतेच. नंतरची मदतही इतकी ढिलाईने आली, की महिन्याभराने झालेल्या निवडणुकीत पूर्वेकडच्या जनतेने इस्लामाबादला त्याचे उत्तर दिले, आणि वर्षभरात तिथे नवा देश झाला. त्या देशाच्या जन्माची कारणे अनेक आहेत, पण त्यांत एक चक्रीवादळ आहे हे विसरता येत नाही.

या धक्क्यानंतर दोन-तीन गोष्टी झाल्या. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९७१ मध्ये आपत्तीतील मदतीच्या समन्वयासाठी स्वतंत्र कार्यालय काढायचे ठरवले. १९७२ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या छत्राखाली बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राच्या काठच्या देशांचे चक्रीवादळ मंडळ स्थापन झाले. वादळांची नावे ठरवणारे तेच हे मंडळ. भारत आणि पाकिस्तान एरवी ज्या गोष्टींवर एकत्र बसत नाहीत त्यांची यादी लांब आहे, पण या टेबलावर दोघेही बसतात आणि दिल्लीच्या हवामान केंद्राचे अंदाज सर्वांना जातात. तिसरी गोष्ट बांगलादेशातली, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. रेडक्रॉस आणि नव्या सरकारने मिळून स्वयंसेवकांची एक फळी उभी केली. तिची साधने पाहिली तर हसू येईल: भोंगा, हाताने फिरवायचा सायरन, सायकल आणि बांबूवर चढवायचे झेंडे. एक झेंडा म्हणजे सावध, दोन म्हणजे तयारी, तीन म्हणजे निघा. पण दारात येऊन ‘चला’ म्हणणारा माणूस ओळखीचा असतो, गावातला असतो, म्हणून लोक निघतात. आज हे स्वयंसेवक पंचाहत्तर हजारांच्या वर आहेत.

या स्वयंसेवकांत निम्म्या आता बायका आहेत, आणि त्यालाही इतिहास आहे. एप्रिल १९९१ च्या वादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे दगावली. त्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते. घरातला कर्ता पुरुष येईपर्यंत निघायचे नाही ही रीत, ओल्या साडीत पोहता न येणे, कडेवर मूल, आणि परक्या पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात आडोसा नसल्याचा संकोच. मग निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, गुरांसाठी मातीचे उंच टेकाड आले, कारण गाय सोडून माणूस हलत नाही हेही कळले होते. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात मृत्यू सुमारे ३,४०० वर आले. २०२० च्या ‘अम्फान’मध्ये वीस लाखांहून जास्त लोक आधीच हलवले गेले आणि बांगलादेशातले मृत्यू पन्नासच्या आत राहिले. वादळे काही सौम्य झाली नव्हती.

शेजारच्या म्यानमारने हेच उलट बाजूने दाखवून दिले. मे २००८ मध्ये ‘नर्गिस’ इरावतीच्या मुखाशी धडकले. दिल्लीहून त्याचे इशारे आधीच गेलेले होते. लष्करी राजवटीने ते लोकांपर्यंत धडपणे पोचवले नाहीत, आणि नंतर परदेशी मदतीलाही कित्येक दिवस दार उघडले नाही. मृत आणि बेपत्ता मिळून १ लाख ३८ हजार. सतरा वर्षांपूर्वीच्या बांगलादेशाचाच आकडा जणू.

‘दशक’ साजरे करण्याची कल्पना मात्र हवामानवाल्यांची नव्हे, भूकंपवाल्यांची. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष, भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रँक प्रेस यांनी १९८४ मध्ये भूकंप अभियांत्रिकीच्या जागतिक परिषदेत ती मांडली. विज्ञानाला एवढे कळू लागले आहे, तर सगळ्या देशांनी दहा वर्षे एकत्र झटून ते कामाला लावावे, असा विचार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९८७ मध्ये तो उचलला आणि १ जानेवारी १९९० पासून दशक सुरू झाले. सुरुवातीचा सूर स्वच्छ तांत्रिक होता: उपकरणे, नकाशे, अंदाज. तो सूर पुरेसा नाही हे सांगणारी घटना तोवर घडून गेली होती.

कोलंबियातला नेवादो देल रुईस हा बर्फाच्छादित ज्वालामुखी १९८५ भर कुरकुरत होता. शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा काढला. उद्रेक झाला तर बर्फ वितळून चिखलाचे लोंढे कोणत्या दऱ्यांतून कुठे उतरतील हे त्यात होते, आणि आर्मेरो हे गाव धोक्याच्या रंगात रंगवलेले होते. हा नकाशा उद्रेकाच्या साधारण महिनाभर आधी जाहीर झाला होता. १३ नोव्हेंबरला रात्री नऊनंतर उद्रेक झाला. लोंढा आर्मेरोला पोचायला सुमारे अडीच तास लागले. उंचावर चढून जायला अर्धा तास पुरला असता. गावातली आणि आसपासची मिळून २३ हजार माणसे चिखलात गेली, कारण निघा म्हणून ठामपणे कोणी सांगितलेच नाही. गाव उगाच हलवले आणि काहीच झाले नाही तर खर्चाचा आणि अब्रूचा प्रश्न, हा अधिकाऱ्यांचा हिशेब होता. हा हिशेब जगात सगळीकडे सारखाच आहे. न घडलेल्या संकटाचे श्रेय कोणाला मिळत नाही, उगाच केलेल्या धावपळीची थट्टा मात्र लगेच होते.

आर्मेरोनंतर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने पेटाऱ्यात उपकरणे भरून कुठेही धावून जाणारे एक पथकच तयार केले. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो, पाचशे वर्षांच्या झोपेतून जागा होऊ लागला, तेव्हा हे पथक तिथल्या शास्त्रज्ञांच्या मदतीला गेले. या वेळी त्यांनी नकाशाबरोबर एक चित्रफीत नेली. ज्वालामुखी माणसाचे काय करतो हे तीत दाखवले होते, आणि ती बनवली होती कातिया व मॉरिस क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याने. अधिकाऱ्यांना, पाद्र्यांना, शाळांना ती दाखवली गेली. धोक्याच्या पाच पायऱ्या ठरल्या, कोणत्या पायरीवर काय करायचे तेही ठरले. १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला, तेव्हा डोंगराचा पायथा बराचसा रिकामा होता. तरीही काही शे माणसे दगावली, त्यातली बरीच छपरे कोसळून. त्याच दिवशी वादळ आले आणि भिजलेल्या राखेचे वजन छपरांना पेलले नाही. पण निदान पाच हजार जीव वाचले असा हिशेब नंतर मांडला गेला. क्राफ्ट दांपत्य ते पाहायला नव्हते. बारा दिवस आधीच, ३ जूनला, जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर चित्रीकरण करताना दोघेही मृत्युमुखी पडले होते.

दशक अर्ध्यावर आले आणि त्याचा मुद्दा आपल्या दारात येऊन पडला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून झोपलेली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे. रिश्टर मापावर सहाच्या थोडा वरचा भूकंप, आणि जवळपास आठ हजार मृत्यू. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ज्यांनी ती घरे पाहिली त्यांना पुढचे सांगायला नको. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, आणि दर पावसाळ्यापूर्वी गळू नये म्हणून टाकलेला पांढऱ्या मातीचा नवा थर. वर्षानुवर्षे छपराचे वजन वाढत गेलेले. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर पहाटे अंगावर आले. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिजमध्ये याहून मोठा, ६.७ चा भूकंप झाला. मृत्यू साठच्या आसपास.

आणि बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, जपानमधले कोबे. श्रीमंत देश, भूकंपाची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, तरी सहा हजारांवर माणसे मेली. मोठ्या प्रमाणावर कोसळली ती जुनी लाकडी घरे, वादळात उडू नयेत म्हणून वर जड कौले बसवलेली. माळवदाचे जपानी भावंडच ते. एका संकटापासून वाचवणारे छप्पर दुसऱ्या संकटात जीव घेते, ही गोष्ट किल्लारीची आणि कोबेची एकच.

या दोन भूकंपांच्या मध्ये, मे १९९४ मध्ये, जपानच्याच योकोहामा शहरात पहिली जागतिक आपत्ती परिषद भरली. तिथे सूर बदलला. उपकरणांच्या जोडीला गरिबी, बांधकाम, स्थानिक लोकांचा सहभाग हे विषय ठरावात आले, आणि आपत्ती आल्यावर मदत करण्यापेक्षा आधीची तयारी स्वस्त पडते हे तत्त्व म्हणून लिहिले गेले. महाराष्ट्रात हे कागदाबाहेर थोडेफार दिसले. जागतिक बँकेच्या साहाय्याने लातूर-उस्मानाबादचा जो पुनर्वसन कार्यक्रम झाला त्यात गावे नव्याने वसवली, इतर गावांतल्या जुन्या भिंतींना आरपार जाणारे दगड बसवून त्या बळकट करण्याचे काम घरमालकांच्या हातून झाले, आणि त्याच कार्यक्रमातून राज्याचा व जिल्ह्यांचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार झाला. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा यायला अजून २००५ उजाडायचे होते. मधे ओडिशाचे १९९९ चे महावादळ गेले, २००१ चा भूज गेला, आणि त्सुनामी आली.

कोबेच्या भूकंपाला दहा वर्षे झाली म्हणून दुसरी जागतिक परिषद जानेवारी २००५ मध्ये तिथेच भरवायचे आधीपासून ठरलेले होते. तीन आठवडे आधी, २६ डिसेंबर २००४ ला, सुमात्राजवळ समुद्रतळ हलला. हिंदी महासागराच्या काठावरच्या १४ देशांत सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. मोठा भूकंप झाल्याचे हवाई बेटांवरच्या प्रशांत त्सुनामी केंद्राला काही मिनिटांतच कळले होते. पण हिंदी महासागरात कोणाला कळवायचे, याची यादीच नव्हती. तमिळनाडूपर्यंत लाट यायला दोन तासांच्या आसपास लागले. ते दोन तास किनाऱ्यावरच्या कोळ्यांना मिळालेच नाहीत.

मात्र सुमात्राला लागून, भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ, सिमुलुए नावाचे बेट आहे. लोकसंख्या तेव्हा सुमारे ७८ हजार. तिथे मेली सात माणसे. या बेटावर १९०७ मध्ये अशीच लाट आली होती, आणि तिची आठवण ‘स्मोंग’ या एका शब्दात, अंगाई गीतांत आणि आजी-आजोबांच्या गोष्टींत जपलेली होती. जमीन जोरात हलली, समुद्र मागे सरला, की मासे वेचायला जायचे नाही, डोंगराकडे पळायचे. यंत्र नव्हते, आराखडा नव्हता. थायलंडच्या किनाऱ्यावर दहा वर्षांच्या टिली स्मिथ या इंग्रज मुलीने हेच केले. दोन आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकलेले तिला आठवले आणि सारा किनारा रिकामा झाला. कोबेच्या परिषदेत १६८ देशांनी दहा वर्षांचा ‘ह्योगो आराखडा’ स्वीकारला. त्यात शाळा आणि लोकज्ञान यांना मानाची जागा मिळाली, ती उगाच नाही. हैदराबादच्या भारतीय त्सुनामी केंद्राचे काम ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झाले. आज भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया या तीन देशांची केंद्रे साऱ्या हिंदी महासागराला इशारे देतात.

ह्योगोच्या अर्ध्या वाटेवर, २०१० मध्ये, दीड महिन्याच्या अंतराने दोन भूकंप झाले. जानेवारीत हैतीचा ७.० चा, फेब्रुवारीत चिलीचा ८.८ चा. चिलीत बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे पाचशेपट. हैतीत दोन लाखांवर माणसे मेली असे मानतात, चिलीत पाचशेच्या थोडी वर. चिलीने १९६० चा ९.५ चा, आजवर मोजलेला सर्वांत मोठा भूकंप सोसला होता, आणि त्यानंतर बांधकामाचे नियम कडक करून ते पाळायलाही लावले होते. ‘पाळायलाही’ या शब्दात सगळे आले. तुर्कस्तानने १९९९ च्या भूकंपानंतर उत्तम नियम केले. मग अनधिकृत बांधकामे दंड भरून नियमित करण्याच्या सवलती वेळोवेळी दिल्या, त्यातली एक मोठी २०१८ मध्ये. फेब्रुवारी २०२३ मध्ये पन्नास हजारांवर माणसे तिथे ढिगाऱ्यांखाली गेली. आपल्या ‘एनडीआरएफ’ची पथके तिथे धावून गेली, याचे कौतुक आपल्याकडे झाले आणि ते रास्तच होते. पण गुंठेवारी, नियमितीकरण, पूररेषेतले इमले हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात वाचणाऱ्या मराठी माणसाने त्या बातमीचा दुसरा भागही वाचायला हवा होता.

तिसरी परिषद मार्च २०१५ मध्ये, पुन्हा जपानातच, सेंदाईला. २०११ च्या त्सुनामीने झोडपलेले हे शहर. यजमानपद तिन्ही वेळा जपानकडे जावे यात सौजन्य आहे तसेच शल्यही: महागड्या समुद्रभिंती बांधूनही १८ हजारांवर माणसे गमावलेला देश भिंतींच्या मर्यादांबद्दल बोलायला लायक होता. १८७ देशांनी मान्य केलेला ‘सेंदाई आराखडा’ २०३० पर्यंतचा आहे. त्यात सात उद्दिष्टे आहेत, मृत्यू कमी करण्यापासून इशारे सर्वांपर्यंत पोचवण्यापर्यंत. पहिल्यांदाच ती मोजता येतील अशी लिहिली गेली. आणखी एक कळीचे सूत्र त्यात आले: पडले ते पुन्हा बांधताना होते तसे बांधू नका, आधीपेक्षा भक्कम बांधा.

या आराखड्याला दात नाहीत. तो कोणाला बांधील करत नाही. देश आपापला अहवाल आपणच देतात. तरी फळ काहीच नाही असे म्हणता येणार नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात आपत्तींतले मृत्यू दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले आहेत. त्याच वेळी बाधितांची संख्या मात्र वाढली आहे. म्हणजे माणूस जगतो, पण घर, गुरे, बाग गमावून जगतो. श्रीवर्धनच्या बागायतदाराला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

पैशांचे गणित पाहिले की सारे स्पष्ट होते. २०१० ते २०१९ या दहा वर्षांत आपत्तींशी संबंधित आंतरराष्ट्रीय मदत सुमारे १३३ अब्ज डॉलर होती. त्यातले आपत्तीपूर्वीच्या तयारीसाठी गेले साडेपाच अब्ज. उरलेले सगळे वाहून गेल्यानंतरचे. ढिगाऱ्यातून काढलेल्या मुलाचे छायाचित्र जगभर छापले जाते. न पडलेल्या भिंतीचे छायाचित्र कोण छापणार?

सध्याची मोहीम इशाऱ्यांची आहे. २०२७ अखेर पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस पूर्वइशाऱ्याच्या कक्षेत यावा, असे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुतेरस यांनी मार्च २०२२ मध्ये जाहीर केले. २०२३ मध्ये एक दिवस तुमचा मोबाइल अचानक किंचाळला असेल आणि पडद्यावर चाचणी संदेश उमटला असेल, तर तो याच साखळीतला एक दुवा. हवामान खाते, जल आयोग, त्सुनामी केंद्र अशा वेगवेगळ्या खात्यांचे इशारे एकाच ठरावीक साच्यात बसवण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आपली ‘सचेत’ ही व्यवस्था तीच वापरते. ठरावीक मनोऱ्यांच्या टापूतल्या सगळ्या फोनांवर, क्रमांक माहीत नसतानाही, संदेश जातो.

पण फोन किंचाळण्यासाठी आधी कोणाला तरी धोका माहीत असावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, आणि धोक्याच्या गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते असे सरकारनेच सांगितले. माळीणला २०१४ मध्ये आणि तळीयेला २०२१ मध्ये हेच दुःख पाहून झाले होते. आर्मेरोत नकाशा होता आणि निर्णय नव्हता. इर्शाळवाडीत नकाशापासूनच सुरुवात होती.

गावातल्याच कोणी वेळेवर निर्णय घेतला तर काय होते, याचीही एक जुनी गोष्ट आहे. ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन. तारीख जपानी पंचांगातल्या १८५४ च्या एका संध्याकाळची आहे. किई प्रांतातल्या हिरो गावात मोठा भूकंप झाला आणि हामागुची गोर्‍यो या व्यापाऱ्याने अंधारात वाट चुकणाऱ्या गावकऱ्यांना उंचवट्याची दिशा दिसावी म्हणून भाताच्या पेंढ्यांच्या गंजी पेटवून दिल्या. ही गोष्ट जपानी मुले पाठ्यपुस्तकात वाचत आली. तिचा कमी सांगितला जाणारा भाग पुढचा आहे. लाट ओसरल्यावर गाव सोडून निघालेल्या लोकांना त्याने स्वखर्चाने रोजगार दिला आणि चार वर्षांत त्यांच्याच हातांनी किनाऱ्यावर बांध घातला. १९४६ मध्ये पुन्हा त्सुनामी आली, तेव्हा त्या बांधाने गावाचा बहुतेक भाग राखला.

‘त्सुनामीसाठी सज्ज’ असा दाखला युनेस्को आता गावांना देते. त्यासाठी बारा निकष आहेत, आणि बहुतेक सगळे हामागुचीला समजले असते असे: धोक्याचा नकाशा चावडीवर लावलेला असावा, पळायच्या वाटा ठरलेल्या आणि पाट्यांनी दाखवलेल्या असाव्यात, वर्षा-दोन वर्षांनी सराव व्हावा. भारतात हा दाखला पहिल्यांदा २०२० मध्ये मिळाला तो ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना. १९९९ च्या वादळात सुमारे दहा हजार माणसे गमावल्यानंतर या राज्याने वेगळे आपत्ती प्राधिकरण काढले, आणि २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी दहा लाखांच्या आसपास लोक वेळेत हलवून दाखवले.

हिंदी महासागराचे देश दर काही वर्षांनी एकत्र त्सुनामीची रंगीत तालीमही करतात. तिच्यासाठी जे कल्पित भूकंप निवडले जातात त्यांत एक पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळचा असतो. आपल्या किनाऱ्याला त्सुनामी माहीत नाही असे आपण धरून चालतो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानला खरोखरच मोठा भूकंप झाला होता आणि मुंबईत सुमारे दोन मीटर उंचीच्या लाटा येऊन काही माणसे वाहून गेली होती. भूकंप पहाटे झाला होता, लाट सकाळी पोचली. मधल्या तासांत मुंबईला कळवणारे कोणी नव्हते.